पितळी भिंगाच्या नोंदी : अमळनेर, पौष ते वैशाख

12 जानेवारी 2025
धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत भंगारवाल्याकडे गेलो होतो. कुठला तरी जुना फोटो स्टुडिओ मोडला, त्याचं सामान दोन पोत्यांत आलंय असा निरोप होता. एका पोत्यात रंग उडालेल्या पडद्याचे दांडे, फुटक्या ट्रे आणि एनलार्जरचं डोकं. दुसऱ्यात, समईच्या आणि बंबाच्या नळांच्या तुकड्यांखाली, पेल्याएवढी पितळी नळी. हातात घेताच वजनावरून कळलं की आत काच शाबूत आहे. दुकानदार म्हणाला, "हाई काय शे भाऊ, दुर्बीण शे का?" मी खरं ते सांगितलं: जुन्या कॅमेऱ्याचं भिंग आहे आणि पितळेच्या भावापेक्षा याचं मोल जास्त आहे. त्यानं तराजूत टाकलं, 1 किलो 150 ग्रॅम भरलं. भावाच्या दुप्पट दिले. दोघांचंही समाधान झालं.

नळीवर कुणाचंही नाव नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कारखान्यांतून अशी बिननावाची भिंगं भरपूर बाहेर पडत आणि विकणारा व्यापारी हवं तर स्वतःचं नाव कोरून घेई. त्यामुळे नाव नाही याचं दुःख नाही. नळीच्या मधोमध वरच्या बाजूला एक आडवी चीर आहे, पोस्टाच्या पेटीला असते तशी. ती बघून मात्र छाती धडधडली.

13 जानेवारी
त्या चिरेचा खुलासा आधी लिहून ठेवतो. 1858 मध्ये इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाऊस यांनी सुचवलं की भोक पाडलेल्या पातळ पट्ट्या करा आणि हवी ती पट्टी भिंगाच्या पोटात सरकवा. मोठं भोक म्हणजे जास्त उजेड. लहान भोक म्हणजे कमी उजेड, पण जास्त खोलवर स्पष्ट चित्र. पट्ट्या सुट्या असल्यानं त्याच आधी हरवतात. माझ्या भिंगाबरोबरही एकही आलेली नाही.

रात्री खोलीत अंधार करून बॅटरी भिंगासमोर धरली आणि आत दिसणारी प्रतिबिंबं मोजली. भिंग न उघडता त्याची जात ओळखायची ही सगळ्यात खात्रीची रीत. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे ठळक ठिपका दिसतो. दोन काचा चिकटवलेल्या असतील तर त्यांच्यामध्ये अगदी फिका, मेलेला ठिपका दिसतो. पुढच्या गटात दोन ठळक आणि एक फिका, म्हणजे चिकटवलेली जोडी. मागच्या गटात चार ठळक, म्हणजे दोन सुट्या काचा. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

हे पेट्झवाल आहे! जोसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानं 1840 मध्ये व्हिएन्नात हे भिंग आधी कागदावर मांडलं आणि फोइग्टलेंडरनं ते घडवलं. दाग्येरची फोटोची रीत जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्या वेळच्या भिंगांतून माणसाला उन्हात मिनिटंच्या मिनिटं ताटकळत बसावं लागे. आकडेमोडीसाठी पेट्झवालला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं मिळाली होती. त्यातून एफ 3.6 च्या आसपासचं भिंग निघालं (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत) आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. माणसाचा चेहरा फोटोत यायला लागला तो खऱ्या अर्थानं इथून.

15 जानेवारी
काल संक्रांत. आई चिंच आणि मीठ घेऊनच आली. देवाची भांडी घासायला काढली होती, त्यात तिला "हे काळं पडलेलं" पण घ्यायचं होतं. तिला समजावून सांगितलं. या पितळेवर सोनेरी झाक असलेला लाखेचा पातळ लेप असतो. लाख म्हणजे आपल्याकडच्याच झाडांवरच्या किड्यांची. जिथे तो टिकलाय तिथे पितळ अजून मधाच्या रंगाचं आहे. चिंच, लिंबू, पावडर, काहीही लागलं की लेप गेला, आणि गेला तो परत येत नाही. लखलखीत घासलेली जुनी भिंगं पाहिली की मला वाईट वाटतं. त्यांच्या अंगावरच्या बोटांच्या खुणासुद्धा पुसलेल्या असतात. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग नुसतं फडक्यानं पूस." तेवढंच केलं.

19 जानेवारी
मागचं कडं अडकलंय. दोन दिवस आट्यांत मशीन ऑइलचा थेंब थेंब सोडला. आज सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवलं तेव्हा सुटलं. पकड लावली असती तर कडं अंडाकृती झालं असतं आणि मग ते कधीच बसलं नसतं. आतल्या काचांवर बुरशीची जाळी होती, पण वरवरची. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ सुती कापडानं निघाली.

मापं घेतली. नाभीय अंतर, म्हणजे लांबच्या दृश्याचं चित्र भिंगामागे जिथे स्पष्ट होतं तिथवरचं अंतर, काढायला लांबचं दृश्य आधी कागदावर आणलं, मग मोजपट्टीचं चित्र मोजपट्टीएवढंच येईपर्यंत भिंग पुढे सरकवलं. या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच नाभीय अंतर: 220 मिलीमीटर. पुढून दिसणारं उजेडाचं तोंड 60 मिलीमीटर. 220 ला 60 नं भागलं, म्हणजे एफ 3.7. पेट्झवालच्या घराण्याला शोभेल असंच.

2 फेब्रुवारी
आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. धूसर काचेवर, म्हणजे चित्र दिसावं म्हणून घासलेल्या काचेवर, चित्र येतं, पण मधोमधसुद्धा दुधाळ. पेट्झवालचं मधलं चित्र धारदार असायलाच हवं. कडेला ते विरघळतं, तो त्याचा स्वभाव, मध्यावर नाही.

आज मागचा गट पुन्हा सोडवला आणि बसवलेल्या क्रमाकडे नीट पाहिलं. या रचनेत मागच्या गटात आधी ऋण, म्हणजे उजेड पसरवणारी, काच येते. ती वाटीसारखी असते आणि तिची फुगीर पाठ पुढे, म्हणजे माणसाकडे. मग मधलं पातळ कडं. त्यामागे दोन्हीकडून फुगलेली काच, जास्त फुगलेली बाजू वाटीकडे. माझ्या भिंगात ही शेवटची काच उलटी होती. शंभर वर्षांत कुणीतरी पुसायला काढली आणि उलटी ठेवली असणार. सुलटी केली, धूसर काचेवर समोरच्या घराची खिडकी आणली. गजांवरचा गंज मोजता येईल एवढं स्वच्छ! आईला हाक मारून दाखवलं.

जुनं भिंग "मऊ" दिसतंय म्हणून त्यावर प्रेम करणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, की तो मऊपणा भिंगाचा आहे की कुणाच्या चुकीचा, हे आधी तपासा.

9 फेब्रुवारी
पुढच्या जोडीचा प्रश्न. दोन काचा कॅनडा बाल्समनं चिकटवलेल्या असतात. ही एका फर झाडाची राळ. तिचा वक्रीभवनांक काचेच्या जवळचा असल्यानं उजेडाला सांधा जाणवत नाही. माझ्या जोडीत कडेनं इंद्रधनुषी पापुद्रे सुटलेत आणि सगळी राळ चहाच्या रंगाची झालीय. पापुद्रे कडेला आहेत, त्यांचं मी सोसलं असतं. पण पिवळेपणा नडतो. मी फिल्मऐवजी ब्रोमाइड पेपरवर, म्हणजे फोटो छापायच्या कागदावर, फोटो घेणार. त्या कागदाला मुख्यतः निळाच उजेड कळतो, आणि पिवळी राळ नेमका निळाच अडवते.

खूप विचार करून उघडायचं ठरवलं. दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलीनं एकच तिरपी रेघ ओढली, म्हणजे पुन्हा जुळवताना कोन चुकणार नाही. पातेल्यात सुती कापडाची घडी, त्यावर जोडी, गार पाणी, आणि गॅस अगदी बारीक. पाऊण तास. उकळी फुटण्याच्या खूप आधी वरची काच बोटाखाली सरकली. त्याच पाण्यात निवू दिलं, कारण घाईनं बाहेर काढली तर काच तडकते. तडकली असती तर तिच्या जोडीची दुसरी जगात नाही. त्या पाऊण तासात मी स्वयंपाकघरातून हललो नाही.

11 फेब्रुवारी
ॲसिटोननं जुनी राळ काढली. दोन्ही काचा पाण्यासारख्या स्वच्छ.

आता चिकटवायचं कशानं? मोबाईल दुरुस्तीवाले स्क्रीनला लावतात तो उन्हात घट्ट होणारा गोंद सहज मिळतो, आणि खान्देशात उन्हाला तोटा नाही. पण तो पुन्हा सुटायला फार कठीण. राळ पुढच्या माणसाला गरम पाण्यात सोडवता येते, जशी मला आली. म्हणून राळच. जळगावला महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्याकडे मिळाली. वनस्पतिशास्त्राच्या स्लाइड कायमच्या करायला हीच वापरतात. ती झायलीनमध्ये पातळ केलेली असते. गच्चीवर उघड्या हवेत मंद ऊब देऊन झायलीन उडवलं, थेंब निवल्यावर नख उमटेनासं झालं तेव्हा थांबलो. कोमट काचेवर एक थेंब, वर दुसरी काच, बोटानं गोल गोल दाबत बुडबुडे कडेला. रेघ रेघेशी जुळवली. आता सपाट पाटावर, डब्याखाली, तीन आठवडे.

23 फेब्रुवारी
राळ सुकतेय. चाळीसगावला जाऊन आलो. छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पुन्हा पाहिलं. 1989 मध्ये ते गेले. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी बहुतेक त्या एका बंगल्यातच काढली आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून डोंगर, पाऊस, बर्फ, चांदणं उभं केलं. मोठ्या शहरापासून लांब आहे, सामान मिळत नाही, शिकवणारं कुणी नाही, ही माझी नेहमीची रड. त्या घरातून बाहेर आल्यावर काही दिवस ती तोंडात येत नाही.

8 मार्च
भिंग कॅमेऱ्याच्या फळीवर बसवायला पितळी कडं, म्हणजे फ्लॅन्ज, लागतं. तेही हरवलेलं. बसस्टँडमागच्या लेथवर गेलो. आप्पांचं काम म्हणजे पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश. उन्हाळा तोंडावर, त्यामुळे मोटारींची रांग लागलेली. तरी त्यांनी हात पुसून भिंग घेतलं. आटे मोजायची पाती लावून पाहिली: इंचाला 24. पहिलं कडं कापलं ते दोन फेरे जाऊन अडकलं. जोर लावू नका, असं मी म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच हात काढला. चूक माझी होती. जुन्या इंग्रजी आट्याची धार 55 अंशांची असते आणि मी हे न सांगितल्यानं त्यांनी रोजच्या सवयीनं 60 अंशांचं हत्यार लावलं होतं. त्यांनी हत्यार दगडावर घासून नवा कोन केला आणि दुसरं कडं कापलं. हातानं फिरवलं तर लोण्यात सुरी जावी तसं शेवटपर्यंत गेलं.

मजुरी द्यायला लागलो तर म्हणाले, "हाऊ तं डोया शे. याना पैसा नको, यामाईन मना एक फोटो काढ." मी कबूल केलं.

16 मार्च
सुतारानं सागाची पेटी दिली. एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या आहेत. कापडी भाता करायच्या भानगडीत पडलो नाही. मागे 5 बाय 7 इंचाची धूसर काच. साध्या काचेवर पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकून काचेनंच घासून केली.

भिंगात सरकवायच्या भोकांच्या पट्ट्याही झाल्या. इथे एक बारकावा आहे, तो लक्षात घेतला नाही तर सगळे हिशेब चुकतात. पट्टी पुढच्या काचांच्या मागे असते आणि त्या काचा तिचं भोक मोठं करून दाखवतात. 20 मिलीमीटरचं भोक पुढून 24 चं दिसलं, म्हणजे 1.2 पट. एफ 8 साठी दिसायला हवं 27.5, म्हणून पाडायचं 23. एफ 5.6 ला 32.5 आणि एफ 11 ला 16.5. काळ्या रंगाच्या पितळी पत्र्यातून कापली. बाल्सम कडक झालाय. भिंग पूर्ण जोडलं.

23 मार्च
चोपड्याहून एक मामा त्यांच्या वडिलांचं भिंग घेऊन आले. दोन्ही टोकांना सारख्याच चिकटवलेल्या जोड्या, म्हणजे रॅपिड रेक्टिलिनियर. 1866 मध्ये लंडनच्या डॉलमायरनं काढलेलं. त्याच वर्षी जर्मनीत श्टाइनहाइलनं तसंच भिंग काढलं. इमारतींच्या सरळ रेघा सरळ ठेवतं म्हणून ते नाव. कड्यावर 4, 8, 16, 32 आकडे आहेत आणि मामा त्यांना एफचे आकडे समजून दर वेळी फोटो चुकवत होते. ती जुनी इंग्रजी पद्धत आहे; तिथला 4 म्हणजे आपला एफ 8, 8 म्हणजे एफ 11, 32 म्हणजे एफ 22. फक्त 16 दोन्हीकडे 16. कागदावर लिहून दिलं. मामा चहा पिऊन आनंदात परतले.

29 मार्च
पहिले सहा कागद. पहिले दोन पूर्ण काळे: पेटीच्या सांध्यातून उजेड. आतून काळी मखमल चिकटवली.

उरलेल्या चारांत ओसरीवरची घागर, आईचे हात, केळीचा घड आणि पुन्हा आईचे हात. कागदाचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, फिल्मच्या आयएसओ मापात 3 धरतो. ओसरीच्या सावलीत एफ 8 ला 2 सेकंद. दीड मीटरवर माणूस असला की भिंग पुढे सरकतं आणि उजेड 1.4 पट वाढवावा लागतो. तो धरून 3 सेकंद. शटर नाहीच, टोपी काढायची आणि मनात मोजून परत लावायची. पेट्झवालच्या काळीही असंच करत.

रावेरकडून आलेली पिकलेली पिवळीधम्मक केळी फोटोत जवळजवळ काळी आली. निळं तेवढं उजळ, पिवळं आणि लाल अंधारात. घरच्या जुन्या फोटोंत पणजीचं कुंकू काळ्या टिकलीसारखं का दिसतं, हे इतक्या वर्षांनी माझ्या हातून कळलं. त्या काचेच्या प्लेटांनाही लाल दिसत नव्हतं.

6 एप्रिल
भुसावळला काम होतं. रॉबर्ट गिल यांची कबर पाहायची बरीच वर्षं मनात होती, आज गेलो. कंपनी सरकारनं 1844 मध्ये या लष्करी माणसाला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. वीसेक वर्षं ते तिथे रंगवत राहिले. त्यांच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्यांनी कॅमेरा उचलला होता. 1864 मध्ये लेण्यांच्या त्यांच्या फोटोंची पुस्तकं निघाली. 1879 मध्ये गेले आणि इथे भुसावळला त्यांना मूठमाती मिळाली.

मी त्यांच्या उन्हाचा विचार करत उभा होतो. तेव्हा ओल्या प्लेटचा जमाना होता: काचेवर कलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, चांदीच्या पाण्यात बुडवायचं, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच धुवायचा. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या एप्रिलात ओलं काय आणि किती वेळ राहतं हे आम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडे पाकिटातला कोरडा कागद आणि नळाचं पाणी आहे.

13 एप्रिल
दुपारी 43 अंश. टाकीचं पाणी 34 वर. डेव्हलपर (कागदावर चित्र उमटवणारं रसायन) इतका तापला की कागद अर्ध्या मिनिटात काळवंडला, करड्या छटा गेल्या. आता रसायनांच्या बाटल्या माठात ठेवतो, ट्रेच्या खाली ओली गोणपाटं आणि काम पहाटे पाचला. माठातून काढलेला डेव्हलपर 24 पर्यंत येतो. त्यावर दोन मिनिटं मिळतात.

काळ्या-पांढऱ्याचा तीव्रपणाही आटोक्यात आला. कागद पेटीत भरण्याआधी लहान बल्बचा अगदी पुसटसा उजेड सगळीकडे सारखा दाखवून घेतो. एवढ्यानं कागदावर डाग येत नाही, पण सावल्या उघडतात.

30 एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ताई पारोळ्याहून माहेरी आलीय. अंगणातल्या निंबाला झोका, घरात सांजोऱ्यांचा वास, गल्लीत गौराईची गाणी. सकाळी घागर पुजून झाली आणि ताईला निंबाखाली खुर्चीवर बसवलं. मानेमागे काठी रोवून तिला कापडाचा बोळा बांधला. जुने फोटोवालेही डोकं स्थिर राहावं म्हणून लोखंडी टेका लावत. एफ 5.6 ची पट्टी. निंबाखाली दाट सावली, 2 सेकंद. पोरांना सांगितलं झोका थांबवा. त्यांनी दोन सेकंद श्वासच थांबवला.

दुपारभर कागद तसाच ठेवून संध्याकाळी गार झाल्यावर धुतला. निगेटिव्ह सुकल्यावर नव्या कागदावर पालथी ठेवली, वर काच, वर उजेड. ट्रेमध्ये चेहरा वर येऊ लागला. डोळे धारदार, पापण्या मोजता येतील. कानापाशी चित्र विरघळायला लागतं आणि मागे निंबाच्या पानांतून झिरपलेले उजेडाचे तुकडे तिच्या डोक्याभोवती गोल फिरताना दिसतात. पेट्झवालची ही भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी मी पुस्तकांत किती वेळा पाहिली होती. ती निंबाच्या पानांची असू शकते हे कधी मनात आलं नव्हतं. ताईचं कुंकू काळं आलंय, पणजीच्या कुंकवासारखं. आई फोटो हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही.

4 मे
आप्पांचा फोटो. त्यांनी अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. मी विनंती केली की लेथवरच बसा, रोजच्या कपड्यांत. त्यांनी सदरा काढून तेलकट बनियन घातला. उजवा हात चकवर, म्हणजे लेथच्या काम पकडणाऱ्या तोंडावर, ठेवला, स्थिर राहायला टेका म्हणून तो उपयोगीही पडला. दारातून येणारा उजेड, एफ 5.6, 4 सेकंद. त्याआधी त्यांना काळ्या कापडाखाली बोलावून धूसर काच दाखवली. आत त्यांचा पोऱ्या उभा होता. बराच वेळ पाहून आप्पांनी कापडाखालूनच विचारलं, "मानूस उलटा का दिखस?" मी सरळ रेषेत चालणाऱ्या उजेडाचं सांगितलं: वरचा किरण खाली जातो, खालचा वर. त्यांनी बोटानं हवेत दोन रेघा एकमेकींना छेदून पाहिल्या आणि मान डोलावली.

उद्या पहाटे कागद धुवायचा. माठ भरून ठेवलाय.

5 मे
चांगला आलाय. लेथच्या चाकावरचे आटेसुद्धा दिसतात. दोन प्रती केल्या, एक आप्पांना दिली. त्यांनी ती पंपांच्या पावत्या अडकवायच्या खिळ्याशेजारी, देवांच्या फोटोंच्या खाली लावली आणि मोटार सोडवायला बसले. फ्लॅन्जवरचा एक स्क्रू ढिला झालाय, तो मी निघताना त्यांनीच आवळून दिला.